धक्का किती द्यायचा

शिकागो

ती. दादास,


परवा फोनवर पिनबॉलचं सांगितल्यावर तू विचारलंस, "पैसे लावून खेळतीस का काय?" मागून आईचा आवाज आला आणि तेवढ्यात फोन तुटला. तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही. फोनवर हे नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. वाचून झालं की आईलाही वाचून दाखव.

पैसे लावत नाही, दादा. आमची लीग म्हणजे वर्गणी भरायची, ठरलेल्या वारी जमायचं, चौघाचौघांच्या गटात खेळायचं आणि हंगामभराच्या गुणांवर वरचे लोक अंतिम फेरीत जातात. शेवटी एक कप मिळतो. तुमच्याकडं यात्रेत पोलीस चक्रीवाल्याला उठवतात, तसलं यात काही नाही. पण तू विचारलंस यात तुझं चुकलं असंही मी म्हणणार नाही, कारण इथल्या शहरांच्या कारभाऱ्यांनाही तीस-पस्तीस वर्षं हाच संशय होता.

पिनबॉल म्हणजे काचेखालचा उतरता पाट. उतार साधारण साडेसहा अंशांचा, खेळणाऱ्याच्या बाजूला. त्यावरून 80 ग्रॅमचा पोलादी गोळा धावतो. खाली दोन आखूड पट्ट्या असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूचं बटण दाबलं की पट्टी उसळते आणि गोळ्याला वर हाणते. गोळा मधल्या फटीतून किंवा कडेच्या गल्लीतून खाली गेला की गेला. असे तीन बॉल मिळतात.

सुरुवातीच्या मशीनला फ्लिपर नव्हतेच. 1931 मध्ये इथल्याच गॉटलिब कंपनीचं 'बॅफल बॉल' आलं. त्यात गोळा वर सोडायचा आणि खिळ्यांना आपटत कुठल्या भोकात पडतो ते बघत राहायचं. लोक त्यावर पैसे लावायचे, मागं गुंडांचा पैसा असल्याची बोलवा होती. 1942 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बंदी आली. महापौर ला ग्वार्डिया यांनी स्वतः घण घेऊन मशीन फोडली, त्याचे फोटो आहेत. आणि शिकागोची तर कमाल! गॉटलिब, बॅली, विल्यम्स या सगळ्या मोठ्या कंपन्या इथल्या, सगळ्या जगाला मशीन इथून जायची, आणि इथं मात्र ती खेळायला बंदी. ती उठायला सत्तरचं दशक सरत आलं.

फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलिबच्याच 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर. तिथून खेळ माणसाच्या हातात आला, पण कायद्याला ते पटायला 1976 उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकारानं न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीनवर खेळून दाखवलं. शेवटी त्यानं आधी सांगितलं की आता गोळा वरच्या मधल्या गल्लीतून जाईल, दांडा ओढून सोडला, आणि गोळा तिथूनच गेला. बंदी उठली. त्याची दोन्ही मुलं आज नावाजलेले खेळाडू आहेत. कायद्याचंच म्हणशील तर आपल्याकडचा 1887 चा मुंबईचा जुगारबंदीचा कायदासुद्धा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते. बटणं दाबणं कुणालाही येतं. खेळणारा ओळखायचा तो धक्क्यावरून. गोळा कडेच्या गल्लीकडं निघाला की दोन्ही तळव्यांनी मशीनला ढकलायचं, म्हणजे तो खांबाला आपटून आत वळतो. पण पेटीत एक ओळंबा टांगलेला असतो, भोवती लोखंडी कडं. धक्का जास्त झाला आणि ओळंबा कड्याला लागला की मशीन एकदोनदा ताकीद देतं, आणि मग 'टिल्ट'. फ्लिपर मरतात, बॉल जातो, त्या बॉलचा बोनसही जातो. चैत्र पौर्णिमेला सासनकाठी नाचवताना दोऱ्या धरणाऱ्यांचं जे काम, तेच हे. सैल सोडली तर काठी कलते, हिसका दिला तर पलीकडं जाते. तू इतकी वर्षं दोरी धरतोस, तुला मी हे काय समजावू? इथं आल्यावर ज्यांना मी धक्क्याचं विचारलं, ते सगळे म्हणाले की ते सांगता येत नाही, उभं राहून बघ. तूही मला हेच म्हणायचास.

या हंगामाच्या अंतिम फेरीत आम्ही चौघं होतो. तीन मशीन, पहिल्याला चार गुण, मग दोन, एक, शून्य. दोन मशीन झाल्यावर माझे सहा आणि एका वयस्कर गृहस्थांचेही सहा. ते छापखान्यात काम करून निवृत्त झालेले, तरुणपणापासून खेळणारे. शेवटचं मशीन 'मिडिव्हल मॅडनेस', 1997 चं. समोर किल्ला असतो. आधी पूल पाडायचा, मग दरवाजा ठोकून ठोकून फोडायचा आणि गोळा आत घालायचा.

मी तिसरी खेळले, ते शेवटचे. माझ्या तिसऱ्या बॉलवर दोन्ही ताकिदी संपल्या होत्या. गोळा उजव्या गल्लीच्या तोंडाशी आला. ओळंबा अजून हलत असणार हे मला माहीत होतं, म्हणून हात न उचलता नुसता अंगाचा भार पुढं दिला. गोळा खांबावर थरथरला आणि फ्लिपरवर उतरला. मागं कुणीतरी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. त्यानंतर किल्ला पडला आणि मी तीन कोटी दहा लाखांवर थांबले.

शेवटच्या बॉलला त्यांना माझ्यापेक्षा सत्तर लाख कमी होते. त्यांनी गोळा उजव्या फ्लिपरवर अडवून धरला, चष्मा वर सरकवला, आणि सोडला तो थेट दरवाजावर. पुन्हा अडवला, पुन्हा तिथंच. एकदाही मशीन हललं नाही. माझा आकडा ओलांडल्यावर त्यांनी दोन्ही हात काढून घेतले, गोळा आपला आपण खाली जाऊ दिला आणि माझ्याशी हात मिळवला. मशीन न हलवता गोळा काबूत ठेवायचा, हे मला त्यांच्याकडून शिकायचंय. तसं मी त्यांना विचारलंही. दर रविवारी दुपारी या, म्हणाले.

पुढच्या हंगामाला नाव घातलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुझा थोरला इथं येणार असेल तर त्याला एल्क ग्रोव्हजवळून नेईन, स्टर्न कंपनीची मशीन अजून तिथं बनतात. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. यमाईदेवीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी