पेपर तपासताना फोन कुठे असतो?

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. घर अमरावतीत, एकाची नोकरी इथेच, दुसऱ्याची अकोल्यात. बडनेऱ्याची गाडी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यातून पेपर तपासायला वेळ मिळतो तो मगरिबनंतरच. मागच्या सहामाहीला याच वेळेत आमच्या हातून चूक झाली. नववीतल्या एका मुलीचे आतल्या पानावरचे 7 गुण बेरजेत धरायचे राहिले आणि ती नापास ठरली. दोन दिवसांनी ती भीत भीत पेपर घेऊन आली. "बेरीज पुन्हा एकदा कराल का?" एवढंच म्हणाली. गुण लगेच दुरुस्त केले. पण तोवर घरी तिची शाळा बंद करण्याची बोलणी सुरू झाली होती.

आम्ही त्या संध्याकाळचा हिशेब मांडला. फोन टेबलावरच होता. ग्रुपवर यू-डायसची माहिती 'तातडीने' मागितलेली. ती पाठवली, मग कुणाच्या लग्नाचे फोटो पाहिले आणि अर्धवट सोडलेल्या पेपरकडे परतलो. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला, की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो, असं सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 साली दाखवून दिलं होतं. आमचे 7 गुण तिथेच सांडले.

नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या वऱ्हाडातल्याच पुसद तालुक्यातील बान्सी गावाने 18 वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घातली, तेव्हा आम्ही वर्गात त्याचं कौतुक केलं होतं. पण आमच्या घरात चुकलेला माणूस चाळिशी ओलांडलेला होता! त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी 7 चा भोंगा सुरू केला. तो वाजला की 8.30 पर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांचे आणि मोठ्यांचेही. आम्हाला हे जास्त पटलं.

फोन कायमचा बंद ठेवणं शिक्षकाला शक्य नाही. शासनाची परिपत्रकंसुद्धा त्यावरच येतात. म्हणून आम्ही एवढंच ठरवलं: मगरिबनंतर तासभर दोघांचेही फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात. ग्रुपचा आवाज बंद, घंटी मात्र चालू. खरंच तातडीचं असेल तर फोन करा, असं मुख्याध्यापकांना आणि नातेवाइकांना सांगून ठेवलं. एका बैठकीत 20 पेपर. एकाने तपासायचे, दुसऱ्याने बेरीज पडताळायची.

पहिल्या आठवड्यात हात आपोआप फडताळाकडे जायचा. आजही एखाद्या दिवशी नेम मोडतो. पण तासाभरात 20 पेपर होतात, आणि पूर्वी त्यालाच इशा उलटून जायची. मुख्याध्यापकांचा फोन महिन्यात दोनदाच आला. बाकी सगळं 'तातडीचं' सकाळपर्यंत थांबलं.

ती मुलगी आता दहावीत आहे. पेपर हातात पडला की आधी बेरीज करून पाहते. आम्हीही सगळ्या वर्गाला तेच करायला सांगतो.