रुमालातली माणसं

ऐतिहासिक कादंबरीकारानं तलवारीआधी जंत्री हाती घ्यावी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख आपल्याला शाळेपासून पाठ. ती इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची; ते त्यांनी १७५२ मध्ये सोडलं. पोर्तुगीजांनी नवं पंचांग १५८२ मध्येच घेतलं होतं. म्हणजे मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर ६ जून मोजत होता, तेव्हा गोव्यात १६ जून होती. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी तेवढी ठाम. हा घोळ कारकुनी वाटेल. पण कोकणात पाऊस लागतो तो याच दहा दिवसांत. गडावर त्या दिवशी आभाळ कसं होतं, हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं.

*

पेशवाईतल्या पत्रांवर सन अरबी शब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर सन ११६१, पानिपताचं साल. हे वर्ष मृगात सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून ६००.

*

शिवकाळातल्या पंगतीत बटाट्याची भाजी नको, चहा तर नकोच. अशा चुका वाचक पकडतो आणि पत्र टाकून कळवतोही. सतराव्या शतकातला मावळा आजच्या संपादकीयासारखा विचार करतो, ते मात्र खपून जातं. माझ्या मते मोठी चूक ती.

*

सभासद बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली गेली. लिहिणारा शिवाजी महाराजांच्या दरबारातला. पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर वेगळी. तिच्यातली फौजेची संख्या पत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय उचलू नये. पण मराठी गद्य कसं धावतं ते ऐकायला ती मोठ्यानं वाचावी. संवाद लिहिण्याआधी तर जरूर.

*

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत, बहुतेक मोडीत. रियासतकार सरदेसाईंनी त्यांतून निवडून ४५ खंड काढले. तरी उरलेला ढीग अफाट. गोपिकाबाईंची पत्रं मिळतात, कारण त्या पेशव्यांच्या घरातल्या. कुणबीण भेटते ती जमाखर्चात: नाव, किंमत, कोणाकडे दिली. ती काय बोलली, हे कोणत्याही कारकुनानं टिपलेलं नाही.

कादंबरीकाराचं काम तिथं आहे. बाजीराव-मस्तानीवर ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ आहे, माधवरावांवर रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ पासून आहे. त्याच वाड्यात पुन्हा कशाला शिरायचं? नव्यानं लिहिणाऱ्यांनी आधी मोडी शिकावी आणि जमाखर्चाचे रुमाल सोडावेत.