बजाजनगरचा मांडव

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याच्या रस्त्याने निघाले की वाळूजच्या अलीकडे छोटे पंढरपूर लागते. त्याला लागूनच बजाजनगर. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. पुढे या भागात कामगारांची वस्ती वाढत गेली. खेड्यापाड्यांतली पोरे पोटासाठी इथे आली. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. दोन वर्षांपूर्वी वडिलांनाही त्याने नेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जन्मभर नांगर धरलेला माणूस ओट्यावर बसून रस्ता पाही आणि विचारी, "गावाकडे कधी जायचं?"

उन्हाळ्यात गेलो, तर गल्लीतल्या मोकळ्या जागेत वेलींसाठी मांडव उभा राहत होता. सगळे सामान भंगारातले. कारखान्यांत माल लाकडी खोक्यांतून येतो. त्या खोक्यांच्या फळ्या आणि जुने लोखंडी पाइप वजनावर आणले होते.

पोरे फळ्यांचेच खांब करून पुरायला निघाली. अण्णा ओट्यावरून उठले. "लाकूड मातीत घालू नका रे, वाळवी खाईल. खाली पाइप रोवा, वर लाकूड बांधा. आणि कोपऱ्यांना तिरके आधार द्या, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात आडवा होईल." तसेच केले.

भावाने एक गोष्ट दाखवली. परदेशी खोक्यांवर शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेले. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. 'एमबी'च्या फळ्या बाजूला काढल्या.

पाण्यासाठी एकाने निळे पिंप आणले. आत उग्र वास. "धुऊन घेऊ," पोरे म्हणाली. अण्णा ठाम राहिले. "फवारणीचा डबा कितीही धुतला तरी त्यातलं पाणी आपण बैलाला पाजतो का? ही भाजी तर लेकरं खाणार." पिंप परत गेले.

वाचकहो, आपल्याही घरी औषधाचे रिकामे डबे धान्याला, पाण्याला वापरले जातात. तसे करू नका. फवारणी करतानाच डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपात ओता आणि डब्याला भोके पाडा, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही.

परवा भावाचा फोन आला. वळवाच्या वाऱ्यात मांडव हलला नाही. दोडका वर चढला आहे. सकाळी पाणी घालणे अण्णांकडे आहे. गावाकडे कधी जायचे, हे मात्र त्यांनी बरेच दिवसांत विचारलेले नाही.