वजनाचा हिशेब

वर्धा शहराला खेटून असलेली आमची नालवाडी आता शहराचाच एक भाग होऊन गेली आहे. पण १९३२ साली विनोबा येथे राहायला आले ते खेडेगावात. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच पोट भरायचे, असा त्यांचा येथला प्रयोग. १९३८ साली प्रकृतीसाठी ते धाम नदीकाठी पवनारला गेले, तेव्हा त्यांचे वजन उरले होते अवघे ८८ पौंड; म्हणजे जेमतेम ४० किलो!

हा आकडा मला आठवला तो मात्र पुण्याजवळ हडपसरला. तेथले ग्लायडिंग सेंटर १९५० सालचे. माझ्या भाच्याला या बिनइंजिनाच्या विमानाचे वेड. विंचवर तार गुंडाळत ते वर खेचतात. तार सुटली की तापलेल्या जमिनीवरून चढणाऱ्या हवेवर ते घारीसारखे घिरट्या घालू लागते. एकाच झोतात दोन-तीन ग्लायडर शिरली तर टकरीचे भय! म्हणून आमच्या ताईची एकच अट : पाठीला पॅराशूट हवेच.

पण पॅराशूटही पाच-सात किलोंचे. ग्लायडरमध्ये वैमानिकासमोर पाटी असते : आसनावर भार कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका. तोलताना माणूस आणि पॅराशूट एकत्रच धरायचे. भार फार झाला तर सांगाड्यावर ताण येतो आणि नाक जड होते; फार कमी झाला तर शेपटी जड होऊन विमान आवरेनासे होते. म्हणून किरकोळ माणसासोबत शिशाचे वजन ठेवतात. विनोबांना तर शिसे घेऊनच बसावे लागले असते!

आमचे चिरंजीव मात्र धिप्पाड. पॅराशूटसकट पाटीच्या चार किलो पुढे.

मी म्हटले, "अरे, मग ते ओझे काढून ठेव की!"

"मामा, छत्री आईची अट, पाटी विमानाची. यातली एकही मोडायची नाही. उरलो मी. चार किलो मीच उतरवतो."

एवढ्या सरळ उत्तरापुढे काय बोलणार? दोन आकड्यांत बसत नाही म्हणून तिसराच खोडण्याची आपल्याला केवढी सवय!

त्या दिवाळीला ताईने लाडवांचा डबा उघडला, आणि लेकाच्या ताटात वाढताना जन्मात पहिल्यांदाच तिचा हात आखडला. एकच लाडू वाढून तिने डब्याचे झाकण लावले.