चाचांचा 'त'

शब्दांच्या मुळांची गोडी मला कोशांनी नंतर लावली. त्याआधी लावली ती आमच्या पेठेतल्या एका बेकरीवाल्या चाचांनी.

दिवाळीच्या तोंडावर आई मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलची-जायफळाची पूड डब्यांत भरून मला त्यांच्याकडे पाठवायची. चाचा पीठ मळायचे, गोळे पत्र्यावर मांडून भट्टीत सरकवायचे. आम्ही नानकटाई म्हणत असू. चाचा 'नानखताई' म्हणत. घरात शुद्ध बोलण्याचा फार आग्रह असल्यामुळे मला वाटे, त्यांचंच चुकतंय. एकदा तसं बोललेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नान म्हणजे रोटी, बेटा. फारसी आहे. खताईचं मला नाही सांगता येत. तू शिकशील तेव्हा मला सांग."

पुढे कॉलेजात एका सरांनी माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा फार्सी-मराठी कोश हातात ठेवला. कागद, दुकान, जमीन, बाजार... आपल्या रोजच्या बोलण्यात फारसी किती मुरलेली आहे हे पाहून मी हबकलेच. शुद्धतेचा अभिमान तिथे गळून पडला. मग सरांनीच खताईची वाट दाखवली. उत्तर चीनवर दहाव्या ते बाराव्या शतकात खितान लोकांचं राज्य होतं. त्यांच्या नावावरून फारसीत तो मुलूख 'खता' झाला, युरोपात 'कॅथे', आणि रशियन आजही चीनला 'किताय' म्हणतात. खता आणि चीन हा एकच देश, हे बेंतो द गोइश या जेझुइटाने हिंदुस्थानातून खुश्कीच्या वाटेने तिथवर जाऊन पडताळलं; १६०७ साली तो तिकडेच वारला. खताई म्हणजे त्या खताची. चाचांच्या उच्चारातला मऊ 'त' मुळाला धरून होता. आमच्या तोंडी त्याचा 'ट' झाला होता, आणि त्यामुळे कुणाला त्यात 'खट्टा'चा आंबटपणाही ऐकू येई.

हे सांगायला मी बेकरीत गेले. चाचांनी हातातलं काम थांबवून सगळं ऐकून घेतलं, खितान हे नाव दोनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "आणि पाव? बिस्कूट?"

त्या प्रश्नांपायी मी पोर्तुगीज शब्दांकडे वळले. पुढे अभ्यासाला जे विषय घेतले, त्यांतले बरेचसे त्या भट्टीपुढेच मिळालेले आहेत.