एक वीत जास्त

आजीच्या शिवणाच्या डब्यात टेप कधीच नव्हता. गोधडी शिवायची ठरली की ती मला अंथरलेल्या लुगड्यावर उताणं झोपायला लावायची आणि डोक्यापासून टाचेपर्यंत विती टाकत यायची. पायाशी पोचली की म्हणायची, "आन् एक वीत जास्त. पायाखाली दुमडाया."

गोधडीला जुनेरच लागतं. नवं कापड सुईलाही अडतं आणि अंगालाही टोचतं. नऊ वार लुगडं वर्षानुवर्षं नेसून, धुऊन, पिळून मऊ पडलं की मगच ते या कामाला येतं. वर-खाली लुगडं, मध्ये धोतराचे, चादरींचे तुकडे. आजी तळव्यानं सुरकुत्या सारायची आणि कडेनं धावदोरा धरायची. कडेकडेनं फिरत, चौकोनात चौकोन काढत टाके मध्याकडे सरकायचे. एवढी मोठी गोधडी मांडीवर थोडीच मावते? आजी तिच्यावरच बसायची आणि टाक्यांबरोबर स्वतःही पुढे सरकायची. उजवा हात वरून सुई घालायचा. कापडाखालच्या डाव्या हाताच्या बोटाला टोक लागलं, की सगळे थर सुईत आले. त्या बोटाचं टोक खरखरीत झालं होतं. माझ्या गालावरून ते फिरलं की मला कळायचं.

तिच्या दोन गोधड्या माझ्याकडे आहेत. पहिलीतले टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका ओळीत. दुसरी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यानंतरची. टाके लांबलेले, ओळ कुठे चढलेली, कुठे उतरलेली. एका कोपऱ्यात तर दोरा दोनदा त्याच वाटेनं गेलाय. रात्री अंधारात मी त्या ओळींवरून बोट फिरवते. तिचा एकही फोटो मला तिच्या इतक्या जवळ नेत नाही.

मागच्या उन्हाळ्यात लेकीसाठी मी पहिल्यांदा गोधडी शिवायला घेतली. घट्ट ओढलेल्या दोऱ्यानं कापड चुण्या धरू लागलं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली आणि डाव्या तर्जनीला बारीक भोकं पडली. आठवड्याभरात मात्र हात सैल झाला. सुईचं टोक कुठे येणार, ते बोटाला आधीच कळू लागलं.

टेप घरात होता, पण मी लेकीला लुगड्यावर झोपवलं आणि विती टाकत गेले. पाय आले, तरी हात थांबला नाही. आणखी एक वीत पुढे गेला.