नाच कॅमेऱ्यासाठी बसवताना

कॉलेजची मुलं स्वतःच्या पॉप गाण्याचा व्हिडिओ करायचा म्हणून येतात, तेव्हा गाणं तयार असतं, हुक स्टेपही ठरलेली असते. कॅमेरा कुठे उभा राहणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात नसतं. मी नाच तिथूनच बसवायला घेते.

गॅदरिंगच्या सवयीने सगळे आडव्या रांगेत पसरतात. रंगमंचावर ते शोभतं, कारण समोर अख्खं सभागृह असतं. लेन्सला दिसणारी जागा तिच्याजवळ अरुंद असते आणि मागे पंख्यासारखी पसरत जाते. म्हणून मी फरशीवर खडूने त्रिकोण आखते : पुढे एक, मागे तीन, त्यामागे पाच. मग कॅमेऱ्याच्या जागी उकिडवी बसून एकेकाला इंच-दोन इंच सरकवते. पुढच्यांच्या खांद्यांमधल्या फटीतून मागचा प्रत्येक चेहरा दिसेपर्यंत तालीम सुरू होत नाही.

त्याआधी वही. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं असेल तर आठाचा एक काउंट चार सेकंदांत संपतो. तीन मिनिटांच्या गाण्यात असे 45 काउंट बसतात, म्हणून वहीत 45 ओळी. प्रत्येक ओळीपुढे शब्द, स्टेप, फॉर्मेशन आणि शॉट. शॉटचा रकाना भरायला मुलं कंटाळतात. ‘ताई, आधी अख्खं गाणं बसवू या ना, शूट नंतर बघू,’ असं कुणीतरी म्हणतंच. ‘या ओळीला क्लोजअप घेणार आहोस ना? मग पायांची मेहनत कुणासाठी?’ असं विचारलं की पेन्सिली हलायला लागतात. पायांचं काम असेल तिथे डोक्यापासून पावलांपर्यंत अख्खा माणूस फ्रेममध्ये हवा. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर याचा हा आग्रह असायचा आणि मला तो आजही शंभर टक्के पटतो. चेहऱ्याच्या ओळीला मान, नजर आणि बोटं बसवायची. तेही नृत्यच आहे, आणि बसवायला जास्त कठीण आहे.

मैदानात शूट असेल तर स्पीकर नाचणाऱ्यांजवळ, फ्रेमच्या जरा बाहेर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 34 मीटर लांब उभ्या असलेल्या मुलाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. 120च्या गतीला हा ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. तो मुलगा तालाला पक्का असला, तरी पडद्यावर मागे पडलेलाच दिसतो आणि बोलणी त्याला बसतात. हे मला बघवत नाही.

स्लो मोशनच्या तुकड्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, चित्रण सेकंदाला 50 फ्रेमने करायचं आणि एडिटला ते 25वर आणायचं. अंग तरंगतं, ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात. मुलं हे दुप्पट वेगाचं लिप-सिंक बसमध्ये, कॅन्टीनमध्ये घोकत असतात. वर्गात ट्यूबलाइट असतील तर आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवून मोबाइलला 25 फ्रेम आणि शटर 1/50 लावायचं. नाहीतर उजेड लपलपतो.

पैशांचा विषय निघाला की मी ओके गो या अमेरिकी बँडचा 2006चा ‘हिअर इट गोज अगेन’ दाखवते. चार जण, आठ ट्रेडमिल, जागचा न हलणारा कॅमेरा आणि एकच सलग टेक. नाच बसवला गायकाच्या बहिणीने, ट्रिश सीने. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. ड्रोन भाड्याने आणायचा हट्ट हा व्हिडिओ बघितल्यावर बहुतेक वेळा मावळतो. वाचलेल्या पैशांत मी तालमीसाठी हॉल घ्यायला लावते, कारण तिथे सगळ्यांना एकत्र श्वास घ्यायची सवय लागते.

शूटच्या सकाळी आधी सगळ्या ग्रुपचे वाइड शॉट, अंगात दम आणि केस जागेवर असताना. क्लोजअप दुपारनंतर. वहीत प्रत्येकाच्या नावावर निदान एक काउंट एकट्याचा लिहिलेला असतो, मागच्या रांगेतल्या अबोल पोरीच्याही. एडिटला बसणाऱ्या मुलाला माझी एकच अट असते : बाकी काहीही काप, या ओळींना हात लावायचा नाही.